जनाबाईंचा पहिला हात

बदलापूरच्या आमच्या कात्रपमध्ये दोन हजार सालानंतरच्या पाच-सहा वर्षांत जन्मलेली निम्मी पोरं जनाबाईंच्या पायांवर न्हाली आहेत. ही पोरं पुढे इंजिनियर होवोत नाहीतर रिक्षा चालवोत, त्यांची पाठ, त्यांची टाळू, त्यांच्या मांडीवरचा तीळ आईच्याही आधी ओळखीचा केला तो या बाईने. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू काही फार चांगली नाही.

जनाबाई राहायच्या मांजर्लीला, नदीकडच्या चाळीत. घरात शिरलं की भिंतीवर खांद्याएवढ्या उंचीला पुराची मळकट रेघ, आणि तिच्या वर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. "पाणी आलं तेव्हा फक्त या दोघांना हलवावं लागलं नाही," असं त्या कौतुकाने सांगायच्या. तरुणपणी अंबरनाथच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर होत्या. मशीनने उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाची दोन पेरं नेली आणि मालकाने नोकरी नेली. मग सासूने, मोतीबाईने, त्यांना बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं काम शिकवलं. रोज सकाळी रेल्वेचा पूल ओलांडून त्या पूर्वेला यायच्या आणि दुपारपर्यंत पाच घरं करायच्या.

त्यांची एक रीत होती. पाटावर बसून पाय लांब करायच्या, बाळाला पायांवर पालथं घ्यायच्या, उजव्या तळहाताचा खोलगा भरेल इतकं तेल ओतून घ्यायच्या आणि तो हात बाळाच्या पाठीवर ठेवायच्या. चोळायच्या नाहीत. नुसता ठेवून डोळे मिटायच्या आणि मनातल्या मनात तीनदा 'बुद्धं सरणं गच्छामि' हे त्रिसरण म्हणायच्या. कितीही रडणारं पोर तेवढ्या वेळात गप्प व्हायचं. याला त्या पहिला हात म्हणायच्या. "आधी लेकराला हात कळू दे, मग चोळायचं. नायतर त्याला वाटतं कोणी मारतंय." उरलेलं तेल मग हातपायांना पातळ चोळायच्या आणि बेसनाने काढायच्या.

तोंडाने मात्र फटकळ. आमच्या सासूबाई, कौसाबाई, साताऱ्याकडच्या. माझा सुयोग झाला तेव्हा त्यांनी त्याच्या गालाला तीट लावली, मनगटात काळे मणी घातले, दारावर काय काय टांगलं. जनाबाईंनी पहिल्याच दिवशी ती तीट ओल्या फडक्याने पुसली. "लेकराच्या तोंडाला काळं फासून कोणाचं भलं झालंय, आजी? दृष्टबिष्ट काय नसतं. पोर रडतं कारण त्याला तेवढंच येतं." सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी आत तोंडाला पदर लावून हसत होते. मी शाळेत विज्ञान शिकवते. मला वाटलं, घरात माझ्या बाजूचं एक माणूस आलं.

सुयोग झाला दोन हजार सहाच्या डिसेंबरात. बाराव्या दिवशी जनाबाई न्हाऊ घालून गेल्यावर दुपारी मी त्याचं झबलं बदलायला त्याला पालथा केला, आणि माझा हात तिथेच थांबला. त्याच्या पाठीवर हात होता. लालसर, कडा स्वच्छ असलेला. तळवा, अंगठा, चार बोटं, आणि करंगळीशेजारचं बोट तोकडं.

मी सासूबाईंना हाक मारली नाही. आधी स्वतःचा पंजा त्यावर धरून पाहिला. बसला नाही, माझी बोटं लांब पडली. तासाभराने पाहिलं तर पाठ कोरी. मी स्वतःची समजूत घातली की दाबून धरलं असेल, नाजूक कातडी आहे, उठलं आणि बसलं. दुसऱ्या दिवशी जनाबाईंना यायला उशीर झाला म्हणून पाणी निवायच्या आत मीच बाळाला घमेल्यात धरलं. पाठ कोमट पाण्यात गेली, आणि तो हात आतून वर आला. कोणी शिवलेलं नसताना, बोटं एकेक करून, आधी अंगठा, मग बाकीची. तोकडं बोट सगळ्यात शेवटी आलं. बाळ रडत नव्हतं. ते माझ्याकडे टक लावून बघत होतं आणि मी किंचाळले.

सासूबाई धावत आल्या, त्यांनी पाहिलं आणि बाळाला पाण्यातून उचलून पदरात गुंडाळलं.

तेवढ्यात जनाबाई आल्या. मी त्यांना बाळाची पाठ दाखवली. त्या खाली बसल्या, पदराला हात पुसला आणि आपला उजवा पंजा त्या खुणेवर अलगद टेकवला. साच्यात बसावा तसा तो बसला. तवा लागावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "तुम्ही शास्त्र शिकवता ना? मग शोधा."

आम्ही शोधलं. खरंच शोधलं, हे आमच्या दोघींच्या बाजूने सांगायला हवं. एक दिवस बेसन बंद केलं. एक दिवस पाणी उकळून घेतलं. धुरी बंद केली, झबल्यांचा साबण बदलला. खूण हटेना, उलट तिचा रंग गडद होत चालला. राहिलं तेल. तेल म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातलं, गुलाबी टोपणाची बाटली, वर हसऱ्या बाळाचं चित्र. सगळं कात्रप तेच वापरायचं. टोपण उघडलं की खोलीभर गोड वास पसरायचा, बाळ असलेलं घर जिन्यातच ओळखू यायचं.

माझा भाऊ मुंबईला फोर्टात नोकरीला होता. त्याच्याकडून तिथल्या एका मोठ्या दुकानातली तीच बाटली मागवली. जनाबाईंनी ती उघडली, नाकाशी नेली, पुन्हा नेली आणि तोंड वाकडं केलं.

"हिला वासच नाय. पाणी घातल्यागत आहे."

मी हुंगलं. खरंच, अगदी पुसट वास होता. आमच्या बाटलीच्या पासंगालाही पुरला नसता.

"ही डुप्लिकेट आहे, बाई," जनाबाई खात्रीने म्हणाल्या. "बघा, मुंबईच्या शेठलोकांना पण उल्हासनगरचा माल चिकटवलाय. मी दोन वर्षं रोज पाच घरी हे तेल हाताळते. माझं नाक फसायचं नाय."

मला हसू आलं. माझ्या भावाला, त्या मोठ्या शहाण्याला, कोणीतरी गंडवलं म्हणून थोडा आनंदही झाला. ती बाटली आम्ही सासूबाईंच्या शिवणयंत्राला घातली. यंत्र छान हलकं चालायला लागलं.

आमचं तेल खरं ठरलं, म्हणजे तेल संशयातून सुटलं. साबण, पाणी, बेसन, धूर, सगळे सुटले. आता राहिला फक्त हात.

त्याच आठवड्यात आमच्या मागच्या इमारतीतल्या मुलीच्या पाठीवर पंजा उठला. मग शाळेजवळच्या जुळ्यांच्या, दोघांच्याही, एकाच जागी. गॅलऱ्या-गॅलऱ्यांतून बायका बोलू लागल्या. जनाबाईंचा हात उठतो. कोणी म्हणालं, कारखान्यात तुटलेलं बोट नीट पुरलं नव्हतं. कोणी म्हणालं, हात ठेवून ती डोळे मिटून काहीतरी पुटपुटते, आम्ही ऐकलंय. आणि मग ते वाक्य आलं, जे यायची वाटच बघत असावं: "त्यांच्यात करतात म्हणे असलं काही." ज्या माणसांनी देव्हारे नदीत सोडले, अंगारे-धुपारे पायाखाली तुडवले, त्यांच्यातली ही बाई, आणि तिच्यावर करणीचा आळ घेत होत्या त्या दारावर लिंबू-मिरच्या टांगणाऱ्या बायका. मला संताप आला होता. पण संताप येणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. मी तोंड उघडलं नाही.

उघडलं ते एकदाच. "जनामावशी, आता सुयोग जरा मोठा झालाय, आम्ही घरीच घालू त्याला न्हाऊ."

वीस दिवसांचं पोर मोठं झालं होतं म्हणे. जनाबाई पिशवी उचलून "बरं, बाई," म्हणाल्या आणि जिना उतरल्या. मी दार लावलं, आणि खरं सांगते, कडी लागल्याचा आवाज ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. उरलेली तेलाची बाटली सासूबाईंनी फेकून दिली, कारण तिलाही जनाबाईंचा हात लागला होता. आठ दिवसांत सुयोगची पाठ स्वच्छ झाली. आता याहून मोठा पुरावा कोणाला हवा होता?

फेब्रुवारीत पश्चिमेच्या बाजारात जनाबाई भेटल्या. उजव्या हातात त्यांनी भांडी घासायचा रबरी हातमोजा घातला होता. भाजीवाली गवारीचं माप घालत होती आणि या मोजा घालून उभ्या होत्या. मला चुकवायचा मोह झाला, पण त्यांनीच गाठलं.

"बाई, घरं सुटली त्याचं नाय वाटत. पण मलाच कळंना झालंय. परवा भाकरी थापली. तव्यावर टाकताना बघितलं तर भाकरीवर पंजा. आता भाकरी थापली की बोटं उठतातच, जल्मभर उठलीयेत. तरी मी ती भाकरी टाकून दिली. दुसरी थापली, तिच्यावर पण. मग पीठच झाकून ठेवलं." त्या हसल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "आमच्या सासूने देव सोडले तेव्हा म्हणाली होती, भ्या सोडायचं, जना. देव सोडणं त्यामानाने सोपं असतं. मी सोडलं होतं ओ. कुठनं परत आलं काय म्हायती."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. काय बोलले ते आठवत नाही, म्हणजे त्याला फार अर्थ नसावा. पण त्या बाईची भीती मी जवळून पाहिली. तिला दुसऱ्या कोणाची नाही, मनगटापासून पुढे स्वतःचीच भीती वाटत होती.

मार्चमध्ये त्यांची मुलगी यशोधरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या आणि जनाबाईंनी सांगितलं की न्हाऊ घालायला चाळीतली बनूबाई येईल. यशोधरा पदवीधर, आईसारखीच फटकळ. हे सगळं तिनेच मला पुढे सांगितलं. ती म्हणाली, "आई, या भिंतीवर कोणाचा फोटो आहे आणि तू काय बोलतेस? कात्रपच्या बायकांनी सांगितलं म्हणून तुझ्या हातात भूत शिरलं? माझी मुलगी तुझ्या पायांवर नाही न्हाली तर मी उद्याच सासरी जाते."

जनाबाई दोन दिवस अडून बसल्या. पाचव्या दिवशी त्यांनी मोजा काढला. हात गरम पाण्याने तीनदा धुतला. नातीसाठी म्हणून त्या स्वतः पूर्वेच्या दुकानात जाऊन गुलाबी टोपणाची मोठी बाटली घेऊन आल्या होत्या. दुकानातच टोपण उघडून वास घेतला होता. भरपूर वासाची, म्हणजे खात्रीची. मनात धाकधूक होती म्हणून तेल नेहमीपेक्षा जास्त ओतलं. पोरगी पायांवर पालथी घेतली, पाठीवर हात ठेवला आणि त्रिसरण म्हणायला लागल्या. तीनदा झालं तरी मन थारेना, म्हणून पुन्हा म्हटलं. आणि पुन्हा. पोरगी शांत पडून होती. यशोधरेला वाटलं, बघ, काही झालं नाही.

संध्याकाळी पंजा उठला. रात्रीत त्यावर फोड आले. तिसऱ्या दिवशी पोरीला ताप चढला, ती दूध ओढेना, आणि तिला उल्हासनगरच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं.

मला खालच्या मजल्यावरच्या बाईकडून कळलं. ती सांगताना म्हणाली, "सोडलं नाही हो तिने, सख्ख्या नातीलाही!" मी सुयोगला सासूबाईंकडे ठेवून निघाले. कणव होती म्हणून गेले, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण दार लावलं ते बरोबरच केलं, याची खात्री करून घ्यायलाही मी गेले असेन.

वॉर्डात पोरगी पालथी निजवली होती. एवढीशी पाठ, आणि ती जवळजवळ सगळी त्या पंजाने भरलेली. माझ्या मुलाच्या पाठीवर होती ती खूण. ही जखम होती. फोड फुटून बोटांच्या जागी पांढरट ओल आली होती. तोकडं बोट तोकडंच होतं. एक तरुण डॉक्टरीण यशोधरेला विचारत होती, अंगाला काय लावलंत, काय काय लावलंत. यशोधरेने बाळाच्या पिशवीतून बाटली काढली. डॉक्टरणीने थेंबभर स्वतःच्या मनगटावर घेतला, हुंगला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"याला एवढा वास कशाला मारलाय?"

काही मिनिटांनी नर्सने येऊन पाहिलं तोवर डॉक्टरणीच्या मनगटावर लाल ठिपका आला होता. डॉक्टरीण म्हणाली, हे कुठून आलं ते मला कळायला हवं. यशोधरा उठू शकत नव्हती. जनाबाई बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या, दोन्ही हात पदराखाली. मी बाटली घेतली आणि रिक्षा करून तिथल्याच कॅम्प दोनच्या बाजारात गेले.

तिथे होतचंदकाकांचं कॉस्मेटिकचं जुनं दुकान. आमच्या घरची लग्नाची खरेदी त्यांच्याकडचीच. मी बाटली गल्ल्यावर ठेवली. त्यांनी चष्मा वर करून तिच्याकडे बघितलं, टोपणही न उघडता मागे सरकवली, आणि फळीवरची आपली बाटली उघडून माझ्या नाकाशी धरली. पुसट वास. पाणी घातल्यासारखा.

"ये असली है, बेटी. असली में इतना सेंट कोई नहीं डालता. बच्चे का तेल है. सेंट वो मारता है, जिसको नीचे की बदबू छुपानी है." मग मराठीत म्हणाले, "दोन वर्षं झाली. तुमच्या बदलापूरला असली विकलीच जात नाही. मी पाठवली होती ना, परत आली. गिऱ्हाईक बोलला, ही नकली आहे."

मला शिवणयंत्राची टकटक ऐकू यायला लागली. खरं सांगते, दुकानात उभी असताना ऐकू आली.

"आणि तसवीर नाही बघितली?" त्यांनी दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या. मी वीस दिवस जे बाळ रोज पाहिलं होतं त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. छपाईचे रंग एकमेकांवरून सरकले होते. त्या बाळाला चार डोळे होते, दोन काळे आणि त्यांच्याआड दोन निळसर, आणि ओठांच्या खाली आणखी एक ओठ हसत होता.

काकांनी मागच्या गल्लीकडे मान हलवली. "मेरा नाम मत लेना."

गल्लीत एक शटर कमरेइतकं वर होतं. मी वाकून आत गेले. भर दुपार होती, तरी आत दिवा होता. जमिनीवर रांगांनी बाटल्या मांडल्या होत्या, शेकड्यांनी, सगळ्यांची तोंडं दाराकडे. ती सगळी चार डोळ्यांची बाळं माझ्याकडे बघत हसत होती. कोपऱ्यात काळे ड्रम, आणि तोच गोड वास, इतका दाट की जिभेवर चव आली. पाच-सहा बायका खाली बसून लेबलं चिकटवत होत्या. कोणी मान वर केली नाही. मी जवळ गेले तेव्हा त्यांची बोटं दिसली. पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी पांढरी, फुगलेली, टोकांची सालं निघालेली. बोटांवरच्या रेषा पुसून गुळगुळीत झाल्या होत्या.

"ताई, हे कसलं तेल?" मी एकीला विचारलं.

"आम्हाला काय म्हायती? ड्रम येतो. मशीनचं जुनं काळं तेल असतं, त्यात पावडर टाकतात, मग पांढरं होतं." ती आपलं काम थांबवत नव्हती. "दिवाळीपासून ड्रम बदललाय. आधीचा बरा होता. हात एवढे जायचे नाय."

"तुम्ही तुमच्या मुलांना लावता हे?"

आता तिने वर पाहिलं, मला वेड लागलंय का ते बघायला. "नाय बा. आमच्या पोरांना खोबरेल."

"मग हे कोणासाठी?"

"दुकानात जातं ना," ती म्हणाली आणि पुढच्या बाटलीला बाळ चिकटवलं. तिच्या आवाजात पाप नव्हतं, लाजही नव्हती. मला तिचा राग यायला हवा होता. पण आला तो माझ्या नाकाचा.

मी परत येईपर्यंत माझ्या मनात एकच गोष्ट नाचत होती, हात सुटला. जनाबाईंचा हात निर्दोष सुटला. व्हरांड्यात मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि धापा टाकत सगळं सांगितलं. ड्रम, पावडर, सेंट, चार डोळे. पहिला हात ठेवता तिथे तेलाचा थर जाड राहतो, बाकी अंगावर चोळून पातळ होतं आणि बेसनाने निघतं, म्हणून नेमका पंजा उठतो, आणि कोमट पाणी लागलं की ती पोळलेली कातडी पुन्हा लाल होते. फळ्यावर लिहून दाखवावं इतकं सोपं होतं. मी शास्त्र शिकवते ना.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तुमच्या भावाची ती बाटली खरी होती."

"हो."

"आणि मी ती खोटी ठरवली."

"आपण दोघींनी ठरवली, जनामावशी."

"नाय. तुम्ही माझ्याकडे बघितलं. नाक माझं." त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. ओठ हलत होते. मला वाटलं त्रिसरण म्हणतायत. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं, त्या नावं घेत होत्या. दिवाळीपासून न्हाऊ घातलेल्या एकेका पोराचं नाव. बारसं झालं नव्हतं त्यांना "मागच्या बिल्डिंगीतली", "डॉक्टरच्या शेजारचा". चौदा झाली. सुयोगचं नाव घेताना त्या थांबल्या नाहीत. पंधरावी त्यांची नात होती, तिला अजून नाव नव्हतं.

"माझ्या हातात काय आहे ते म्हायती नव्हतं तोवर बरं होतं, बाई," त्या म्हणाल्या. "काय झालंय ते कळत नव्हतं. आता कळलं. मी दाबून धरलं होतं. पोरगी गप होती म्हणून मी अजून दाबून धरलं."

आतून नर्सने हाक मारली. पट्टी बदलायची होती, बाळाला धरायला कोणीतरी हवं होतं. यशोधरेचे टाके ओले होते, तिला वाकून धरता येत नव्हतं. पोरगी एका सुरात रडत होती. नर्सने जनाबाईंकडे पाहिलं. "आजी, तुम्ही धरा. तुम्हाला सवय दिसते."

यशोधरा म्हणाली, "आई, धर ना तिला. तुझ्याकडे गप्प होते ती."

जनाबाई पलंगाजवळ गेल्या. त्यांनी पदरातून हात बाहेर काढले. इतक्या पोरांना उचललेले ते हात आपोआप पुढे झाले, एक मानेखाली, एक कमरेखाली, नेमके. पोरीपासून वीतभर अंतरावर ते थांबले. मी बघत होते. हात पुढे जायला बघत होते आणि त्या त्यांना मागे ओढत होत्या, जनावराला दोरीने ओढावं तसं. कपाळावर घाम आला होता. मग त्यांनी हात पाठीमागे नेले आणि एकाने दुसऱ्याचं मनगट पकडून ठेवलं.

"बाई, तुम्ही धरा," त्या मला म्हणाल्या.

मी धरलं. पोरगी पट्टी होईपर्यंत रडत राहिली.

ती वाचली. तिचं नाव माया ठेवलं. मी तक्रारी लिहिल्या, तीन ठिकाणी. ते शटर काही दिवस बंद झालं. मग कोपऱ्यावरच्या दुकानात निळ्या टोपणाची बाटली आली आणि आमच्या बायका तिचा वास घेऊ लागल्या. जनाबाई मात्र चौदाही पोरांच्या घरी जाऊन आल्या. दारातच उभं राहून सांगायच्या, ते तेल टाकून द्या, तुमच्या लेकराला माझ्या हाताने लागलं, मला माफ करा. एका घरी त्यांना "आता तेलावर ढकलतेस होय?" असं ऐकवलं गेलं. आमच्याकडे आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना हाताला धरून आत घेतलं आणि हात जोडले. कौसाबाईंना मी तेव्हा मानलं. खरं म्हणजे ते मी करायला हवं होतं, आणि मी चहा टाकायला आत निघून गेले होते.

पुढे कात्रपच्या बायका त्यांना परत बोलवायला लागल्या. दोष तेलाचा होता, हे सगळ्यांना पटलं होतं. खोबरेल आम्ही आणू, तुम्ही फक्त या, म्हणून मांजर्लीला चकरा झाल्या. त्या कोणाकडेही गेल्या नाहीत. पश्चिमेच्या बाजारात आलं-लिंबू घेऊन बसू लागल्या.

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले होते. यशोधरा माहेरी आली होती. आम्ही दारात बोलत बसलो होतो आणि तीन वर्षांची माया बोळात पळत होती. गटाराच्या फरशीला अडखळून ती पडली. गुडघा फुटला. ती उठली आणि दोन्ही हात वर करून, भोकाड पसरत, आजीकडे धावत आली.

जनाबाई उभ्या राहिल्या. पदर दोन्ही हातांभोवती गुंडाळला आणि भिंतीला टेकल्या. "माया, बाईंकडे जा. बाईंकडे."

पोरगी मध्येच थांबली. ती हट्ट करेल, आजीच्या पायांना मिठी मारेल असं मला वाटलं. तिने तसं काहीच केलं नाही. तिला हे नवं नव्हतं. वर केलेले हात तसेच ठेवून ती वळली आणि माझ्याकडे, जिला ती नीट ओळखतही नव्हती त्या बाईकडे आली.

मी तिला उचललं. उन्हाने तापलेली, जड झालेली पोरगी माझ्या खांद्यावर हुंदके देत होती. त्या वेळी मला स्वतःची जी लाज वाटली ती अजून कमी झालेली नाही. जनाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मायाच्या पाठीवर टेकलेल्या माझ्या हातावर त्यांचे डोळे खिळले होते.

"फार वेळ नका ठेवू, बाई," त्या म्हणाल्या.